उंचीच्या भीतीसाठी आईला इथे नेलं, ५ पैकी ४ स्टार

सोसायटीचं रिडेव्हलपमेंट झालं आणि आई पहिल्या मजल्यावरून थेट नवव्या मजल्यावर आली, घर आवडलं पण गॅलरीत पाऊल ठेवेना, दार उघडं दिसलं तरी हातपाय गार. म्हणून इथे, भीतीवर थेरपी देणाऱ्या क्लिनिकमध्ये आलो.

इथल्या थेरपिस्ट मॅडमनी सगळ्यात आधी विचारलं की अंथरुणात कूस बदलताना गरगरतं का, कारण कानातला तोल बिघडून येणारी चक्कर वेगळी, ती ईएनटीकडे दाखवायची असते. आईला तसं नव्हतं. तिची खरी धास्ती ही की मी चक्कर येऊन खाली पडेन. त्यावर मॅडमनी नीट समजावलं की उंचावर सगळं लांब दिसतं, जवळ नजर टेकवायला काही नसतं म्हणून थोडं डुलल्यासारखं कोणालाही होतं, आणि भीतीने बीपी वाढतो, बेशुद्ध पडायला तो एकदम खाली यावा लागतो, तसं रक्त किंवा सुई बघून घाबरणाऱ्यांचं होतं. एवढं ऐकूनच आई निम्मी सावरली.

मग भीतीला ० ते १०० मार्क देत यादी केली, सोप्यापासून अवघडाकडे. आधी व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर लावून खोटं पण खरं वाटणारं दृश्य दिसतं तो, त्यात उंच बिल्डिंगच्या कठड्याशी उभं राहायचं. ऑक्सफर्डच्या लोकांनी २०१८ मध्ये १०० जणांवर अभ्यास केला होता, व्हीआरवाल्या गटाची भीती सरासरी ६८ टक्के कमी झाली, आणि त्यात थेरपिस्ट नव्हताच, कॉम्प्युटरमधलाच कोच होता. तरी माझ्या मते आईला जास्त उपयोग झाला तो मॅडम स्वतः पुण्यातल्या नदीवरच्या झेड ब्रिजवर आल्या त्याचा. रेलिंग आवळून धरायचं नाही, डोळे मिटायचे नाहीत, आणि भीती चढलेली असताना तिथून निघायचं नाही, ती उतरेपर्यंत थांबायचं. आईने रामरक्षा सुरू केली तर म्हणाल्या, "काकू, ती घरी निवांत म्हणा, आत्ता खाली नदीकडे बघा." आणि आई बघत राहिली, मार्क ८० वरून हळूहळू ३० वर आले, मला तिथेच रडू आलं. नंतर मेट्रो स्टेशनचा वरचा प्लॅटफॉर्म, मग पर्वतीची टेकडी.

एक स्टार कापला कारण फी जास्त आहे आणि हेडसेट चष्म्यावर नीट बसत नाही, आईला मळमळलंही. आणि होमवर्क भरपूर असतो, घरातल्या कोणाला तरी रोज सोबत जायला वेळ काढावा लागतो, तो नसेल तर नुसत्या सेशनवर पैसे घालवू नका.

दुसरीकडे कुठे जाणार असाल तर आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्टर्ड क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत का आणि प्रत्यक्ष उंच जागी सोबत येतात का हे फोनवरच विचारून घ्या. इथे संध्याकाळचे स्लॉट लवकर भरतात, सकाळचे मिळतात.