पाचवी शिष्यवृत्तीचं बुद्धिमत्ता गाईड: जून ते जानेवारी वापरल्यावर

लेक पाचवीला, मराठी माध्यमात. शाळेतल्या बाईंनी सांगितलं म्हणून जूनमध्ये हे गाईड आणलं आणि रोजच्या गृहपाठात त्यातली दोनेक पानं लावली. आता पुस्तक जवळपास संपलंय. शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या पेपरात 75 पैकी 50 प्रश्न बुद्धिमत्तेचे, प्रत्येकी 2 गुण आणि पूर्ण पेपराला वेळ दीड तास. एका प्रश्नाला सव्वा मिनिटही मिळत नाही. आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला तो समसंबंधावर, म्हणजे पहिल्या जोडीतलं नातं ओळखून दुसरी जोडी पूर्ण करायच्या प्रश्नांवर, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

शब्दांचे प्रश्न फार छान निवडलेत. शेळी : करडू :: मेंढी : कोकरू, ऊस : मोळी :: नाणी : चळत, मोर : केकारव... शहरातल्या मुलांच्या कानावर हे शब्द आता पडतच नाहीत. लेकीला उतरंड माहीत नव्हती. आजीने माळ्यावरची मडकी काढून एकावर एक रचून दाखवली, तेव्हापासून तो प्रश्न कधी चुकला नाही.

पर्यायही विचार करायला लावणारे आहेत. शेतकरी : नांगर :: सुतार : ? पुढे लाकूड, रंधा, खुर्ची, भुसा. चारही सुताराशी जोडलेले! आम्ही सवय लावली ती अशी, की पर्यायांवर हात ठेवायचा आणि पहिल्या जोडीचं वाक्य मोठ्याने म्हणायचं. लेक म्हणाली, "शेतकरी नांगर वापरतो." पण सुतार लाकूडही वापरतोच की. मग वाक्य घट्ट केलं, "नांगर हे शेतकऱ्याचं अवजार." आता रंध्याशिवाय काही बसत नाही. ही एक सवय लागली तरी पुस्तकाचे पैसे वसूल झाले असं मी म्हणेन.

संख्यांच्या भागात मात्र माझी तक्रार आहे. 36 : 18 :: 47 : ? हा प्रश्न सुरेख. मुलं आधी निम्मं करतात, पण 47 चं निम्मं पूर्णांकात येत नाही. मग अंकांचा गुणाकार सुचतो, 3 × 6 = 18, म्हणून 4 × 7 = 28. दुसरी संख्याच चुकीची वाट बंद करते. याउलट 6 : 42 :: 9 : ? बघा. पर्यायांत 63 आणि 90 दोन्ही आहेत. लेकीने सातपट धरून 63 लिहिलं. उत्तरसूचीत 90, कारण 6 × 7 आणि 9 × 10, म्हणजे संख्या गुणिले तिच्या पुढची संख्या. दोन्ही नियम बरोबर, मग मुलाने काय करायचं? ती "आई, माझं का चुकलं?" म्हणून रडवेली झाली आणि मी तिला ठामपणे सांगितलं की तुझं चुकलेलं नाही, प्रश्न सदोष आहे. असे प्रश्न बरेच निघाले.

त्याहून वाईट म्हणजे उत्तरसूचीत नुसता पर्याय क्रमांक. स्पष्टीकरण एका ओळीचंही नाही. ज्या घरात संध्याकाळी शिकवायला कुणी बसू शकत नाही, त्या मुलाने 90 कुठून आले हे कुणाला विचारायचं? प्रकाशकाने याचा विचार करायलाच हवा होता. आम्ही प्रत्येक उत्तराशेजारी पेन्सिलीने कारण लिहीत गेलो. दिवाळीनंतर लेक स्वतःच लिहू लागली, आधी वर्ग, घन, एक कमी-जास्त तपासायची आणि मग अंकांची बेरीज-गुणाकार.

अक्षरांचे प्रश्न (कमळ : ळमक :: बदक : कदब) सोपे आहेत, पटकन होतात.

आकृत्यांची छपाई इतकी फिकट की रेघ आहे की डाग तेच कळत नाही. नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेला मानसिक क्षमता चाचणीचे 40 प्रश्न असतात आणि ते सगळे आकृत्यांचेच. त्यासाठी हे पुस्तक घेऊ नका. शब्दांच्या सरावासाठी जरूर घ्या, पण संख्यांची पानं मुलाच्या हातात देण्याआधी स्वतः एकदा सोडवून बघा.