डीएसए टेस्ट: घराजवळच्या लॅबमधे की ट्रान्सप्लांट सेंटरच्या एचएलए लॅबमधे?

डीएसए म्हणजे डोनरच्या एचएलएविरुद्ध (पेशींवरच्या ओळखखुणांविरुद्ध) आपल्या रक्तात तयार होणाऱ्या अँटिबॉडी. माझं लंग ट्रान्सप्लांट चेन्नईला झालंय आणि राहायला मी नाशिकला, त्यामुळे दोन्हीकडे टेस्ट करून झालीये.

जवळची लॅब सोयीची आहे यात वादच नाही. टॅक्रोच्या (रिजेक्शन रोखणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाच्या) लेव्हलसाठी सकाळी टोचून घ्यावंच लागतं, त्यातच लाल टोपीची एक ट्यूब जास्तीची भरली की झालं, प्रवास नाही, गर्दी नाही, ज्यांना सारखी इन्फेक्शन होतात त्यांच्यासाठी हे खूप आहे.

पण मला नडला तो रिपोर्ट. डीक्यू या एचएलएच्या एका प्रकाराविरुद्ध अँटिबॉडी पॉझिटिव्ह आणि एमएफआय (अँटिबॉडीसाठी रिपोर्टमधे येतो तो आकडा) आधीच्या चेन्नईच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त, घरात कुणाच्या घशाखाली घास उतरेना. सेंटरच्या को-ऑर्डिनेटर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "डोनरचं एचएलए टायपिंग लॅबने मागितलं होतं का?" मागितलंच नव्हतं! अँटिबॉडी आहे हे खरं, पण ती डोनरच्याच डीक्यूवर चालून जाणारी आहे का, हे टायपिंग (डोनरचे एचएलए कोणत्या प्रकारचे याची नोंद) शेजारी ठेवल्याशिवाय कळणार कसं? शिवाय एमएफआय म्हणजे ल्युमिनेक्स या टेस्टच्या बारीक मण्यांवर (बीड्सवर) दिसलेली चमक, रक्तात अँटिबॉडी नेमकी किती याचं ते थेट माप नाही, किट बदललं, सीरम डायल्यूट केलं की आकडा हलतो. म्हणून एका लॅबचा आकडा दुसरीच्या शेजारी ठेवून ट्रेंड काढताच येत नाही, आणि आपल्याला हवा असतो तो ट्रेंडच. ट्रान्सप्लांटनंतर नव्याने तयार होणाऱ्या डीएसएत डीक्यूवाल्या जास्त सापडतात, आणि त्या असल्या की क्लॅडचा म्हणजे क्रॉनिक रिजेक्शनचा धोका वाढतो. क्लॅडमधे एफईव्ही-वन (जोरात फुंकताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) आपल्या बेसलाइनच्या २० टक्के खाली जाऊन तिथेच राहिला तर गेलेलं फंक्शन बहुतेक वेळा परत येत नाही, म्हणून आधी सुगावा लागलेला बरा.

अर्थात डीएसए आली म्हणजे क्लॅड होणारच असं नाही आणि डीएसए नसतानाही क्लॅड होतो, त्यामुळे घरचा स्पायरोमीटर रोज फुंकायचाच. तुमच्या डॉक्टरांचं मत वेगळं असेल तर अर्थातच त्यांचं ऐका.

मी आता रक्त इथेच देतो, सीरम वेगळं करून आइसपॅकमधून चेन्नईला जातं. खर्च थोडा वाढतो, रिपोर्टही उशिरा येतो, पण माझे सगळे आकडे एकाच लॅबचे आहेत. जवळच्याच लॅबमधे करणार असाल तर डीक्यू आणि डीपी या दोन्ही प्रकारांसकट डोनर टायपिंगची कॉपी सेंटरकडून आधी मागून घ्या आणि पुढे लॅब बदलू नका. आणि एफईव्ही-वन एकदम घसरला किंवा धाप लागली तर कुरिअरची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी सेंटरला फोन करा.