दोन शिक्षक, चार वर्ग: आमच्या जिल्हा परिषद शाळेबद्दल एका पालकाचं मत

सातारा जिल्ह्यातल्या डोंगरी भागात आमची वाडी आहे. जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते चौथी, पट साठच्या आत, त्यामुळे शिक्षक दोनच. एक गुरुजी, एक मॅडम. माझी मुलगी आधी व्हॅनने तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमात जायची. दुसरीत तिला इथं आणलं, आता ती चौथीत आहे. मी शाळा व्यवस्थापन समितीवरही आहे. नात्यातले, ओळखीचे फोन करून एकच विचारतात, "तिथं खरंच शिकवतात का गं?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

शाळा रंगरंगोटीवरून किंवा टायवरून जोखू नका. माप कायद्यातच दिलेलं आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. त्याचं कलम 29 अभ्यासक्रमाबद्दल आहे आणि ते प्रत्येक पालकाने एकदा तरी वाचावं. अभ्यासक्रम संविधानातल्या मूल्यांना धरून हवा, मुलाचा सर्वांगीण विकास करणारा हवा, मुलाने करून, शोधून शिकावं, शक्य तिथवर मातृभाषेतून शिकावं, त्याच्या मनात भीती राहू नये, आणि त्याला किती समजलं याचं मूल्यमापन वर्षभर चालू राहावं, असं त्यात आहे. सुंदर लिहिलंय. आता आमची शाळा यात कुठे बसते ते सांगते.

करून शिकण्यात पैकीच्या पैकी गुण. हातच्याची वजाबाकी माझ्या मुलीला आधीच्या शाळेत पाठ होती, कळलेली नव्हती. इथं मॅडमनी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून ठेवलेत. 42 मधून 17 वजा करायचे तर समोर चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. दोनातून सात जात नाहीत, मग पोरगी एका गठ्ठ्याचं रबर काढते, बारा सुट्या होतात, सात बाजूला करते, पाच उरतात. राहिलेल्या तीन गठ्ठ्यांतला एक बाजूला जातो. पंचवीस. हे मी खिडकीतून पाहिलंय, आणि हातचा म्हणजे नक्की काय ते मलाही त्या दिवशी दिसलं. तिसरीला आपल्या जिल्ह्याचं परिसर अभ्यासाचं पुस्तक असतं. गुरुजींनी मुलांना नकाशा घेऊन थेट ओढ्याकाठी नेलं आणि हे पाणी पुढे कुठल्या नदीला मिळतं ते विचारलं.

भीतीबद्दल बोलायलाच हवं. आधीच्या शाळेत मराठी बोललं की भिंतीकडे तोंड करून उभं करायचे. कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला सरळ मनाई केली आहे, हे मला तेव्हा माहीत असतं तर मी त्याच आठवड्यात लेखी तक्रार केली असती. इथं पोर वर्गात हात वर करून "मला नाही समजलं" म्हणते. मला याहून मोठं काही नको.

इंग्रजीचं काय, असं विचाराल. मराठी माध्यमाच्या शाळांत 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. आमच्याकडे गाणी आणि सोपी वाक्यं चांगली होतात, वाचन बेताचं. घरी थोडं बघावं लागतं.

आता जे खटकलं ते. प्रगतिपुस्तकात श्रेणीबरोबर वर्णनात्मक नोंदी असतात. पहिल्या सत्रात माझ्या मुलीची नोंद आणि शेजारच्या मुलाची नोंद शब्दशः सारखी निघाली. बाजारात तयार नोंदींची पुस्तकं मिळतात, त्यातून उतरवलेलं. मूल्यमापन सातत्यपूर्ण आणि सर्वंकष हवं हे कायद्यातच आहे, आणि अशा नोंदीतून माझ्या पोरीबद्दल काहीच कळत नाही. मी समितीच्या बैठकीत हे मांडलं. गुरुजींनी वाद घातला नाही. दुसऱ्या सत्रात "मोठ्याने वाचताना जोडाक्षरावर थांबते, एकटीने वाचताना चुकत नाही" अशी नोंद आली. असं लिहायला मूल बघावं लागतं.

पण सगळ्यात मोठी अडचण शाळेची नाही, कायद्याच्या परिशिष्टाची आहे. पाचवीपर्यंत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असं त्यात लिहिलंय. म्हणजे मुलांची डोकी मोजली, वर्ग मोजलेच नाहीत. सहावी ते आठवीसाठी मात्र प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक आहे. मग लहानांना का नाही? पहिलीचं मूल अक्षर ओळखतं तेव्हा दुसरीचं वजाबाकी शिकत असतं. पुस्तकं वेगळी, अध्ययन निष्पत्ती (म्हणजे त्या वर्गात मुलाला काय यायला हवं ते) वेगळ्या, खोली एक, मॅडम एक. तोच कायदा कलम 24 मध्ये शिक्षकाला संपूर्ण अभ्यासक्रम ठरलेल्या वेळेत पूर्ण करायला सांगतो. वर्षाला 200 दिवस आणि 800 तास अध्यापन असंही परिशिष्टात आहे. दोन वर्ग एकत्र बसले की एकेका वर्गाच्या वाट्याला प्रत्यक्ष शिकवण्याचा वेळ निम्माच येतो, उरलेला वेळ स्वाध्यायाचा. मॅडम एका वर्गाला मणीमाळ देऊन दुसऱ्याकडे वळतात, हे त्या फार कसबाने करतात, पण माणूस शेवटी एकच.

त्यात एक जण प्रशिक्षणाला गेला की चारही वर्ग एकाकडे. निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारण ही कामं शिक्षकांना द्यायला कलम 27 नेच मुभा दिली आहे, त्यामुळे तिथे तक्रारीलाही फारशी जागा नाही. अशा दिवशी माझी चौथीतली मुलगी पहिलीच्या मुलांना अक्षरं गिरवून घेत असते. तिला ते आवडतं. मला पटत नाही, कारण ते तिचे शिकायचे तास आहेत.

कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण हे विषय कागदावर आहेत. त्यांचे अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारे, कायद्याने सहावी ते आठवीला आणि तेही शंभराच्या वर पट असेल तरच. आमच्याकडे जे होतं ते शनिवारी, गुरुजींच्या हौसेवर. लेझीम उत्तम, चित्रकला नावाला.

तरी पाचपैकी चार गुण देईन, आणि कापलेला एक गुण त्या दोघांचा नाही.

मूल घालायचं असेल तर वर्षात कधीही या. जन्मदाखला हाताशी नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेता येत नाही. पुस्तकं मोफत मिळतात, दुपारचं जेवण शाळेत होतं. आणि आल्यावर समितीच्या बैठकीला नुसती सही करायला येऊ नका. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, सदस्यांत निम्म्या बायका असाव्या लागतात, आणि शाळा विकास आराखडा आपणच करायचा असतो. आमच्या आराखड्यात तिसऱ्या शिक्षकाची मागणी लिहिली आहे. पट वाढून साठच्या पुढे गेला तर ती मागणी राहणार नाही, कायद्याने तिसरा शिक्षक द्यावाच लागेल. व्हॅनने तालुक्याला जाणारी वाडीतली मुलं परत आली तर ते याच वर्षी होऊ शकतं.