'शारदा'चा परकर चार बोटं आखूड

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि पुढच्या वर्षी मला त्याच काकांपुढे उभं राहायचंय. सांगलीत नाटकाची ड्रेपरी भाड्याने देणारं दुकान, एवढं पुरे.

मी कॉलेजात मराठी शिकवते, सांस्कृतिक विभाग माझ्या गळ्यात आहे. यंदा गॅदरिंगला मुलांनी एकांकिका नको म्हटलं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी नाट्यगीतांच्या स्पर्धेत 'मूर्तिमंत भीती उभी' गाऊन बक्षीस घेऊन आली होती, तेवढ्या निमित्तावर संगीत 'शारदा' करायचं ठरलं. गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे, आणि हरिपूर आम्हाला सायकलवर जाण्याइतकं जवळ. पैशाच्या लोभाने बाप कांचनभट कोवळ्या शारदेचं लग्न म्हाताऱ्या भुजंगनाथाशी लावायला निघतो, त्याचं हे १८९९ सालचं पाच अंकी नाटक आम्ही कापून अडीच तासांत बसवलं. पायपेटी काही मिळाली नाही, साध्या पेटीवर भागवलं. त्या शोधाची कथा वेगळी आहे.

एका मुलाने पहिल्याच वाचनाला विचारलं, "मॅडम, शारदा कायदा या नाटकावरून का?" तसं नाही. १९२९ चा तो बालविवाहाविरुद्धचा कायदा अजमेरच्या हरविलास सारडांच्या नावाने ओळखला जातो. नाटक आधीचं, नावाचं साम्य हा योगायोग. त्या कायद्यात मुलीचं लग्नाचं वय १४ ठरलं होतं हे ऐकून वर्गातल्या मुली गप्प झाल्या. मग त्यातलीच एक म्हणाली, "म्हणजे आठवीत."

आता दुकान. दुसरा मजला, अरुंद जिना, वर गेलं की डांबराच्या गोळ्यांचा वास. पेट्यांवर खडूने लिहिलेलं: मावळे, राक्षस, ऋषी, भटजी. काका सत्तरीचे असतील. मी यादी पुढे केली, त्यांनी वाचलीच नाही. "'शारदा' ना? बसा." अकरा पात्रांचे कपडे, पगड्या, टोप, दागिने त्यांनी तोंडपाठ काढले. भाडं दोन दिवसांचं ६,५०० रुपये, डिपॉझिट ३,००० वेगळं. एक दिवस रंगीत तालमीचा, एक प्रयोगाचा. घासाघीस करून पाहिली, उपयोग झाला नाही. पण यादीत नसलेले बुगडी आणि ठुशी त्यांनी वर घातले, त्याचे पैसे लावले नाहीत.

लग्नाच्या प्रवेशासाठी मी शालू मागितला होता. काका म्हणाले, "शालू कशाला? बोहल्यावर अष्टपुत्री." आणि पिवळंधमक लुगडं काढलं. मैत्रिणींना शिवलेल्या नऊवाऱ्या दिल्या, चेन लावली की झालं. शारदेला मात्र नेसवायचंच म्हणाले, शिवलेल्याला पोटाशी घडी बसत नाही. नेसवायला त्यांच्या ओळखीच्या मावशी येतात, ५०० रुपये घेतात. हे पैसे वाचवू नका. अंकांच्या मधल्या नऊ मिनिटांत मावशींनी परकर उतरवून अष्टपुत्री नेसवली, खोपा घातला, मुंडावळ्या बांधल्या, वर मुलीला दोन घोट पाणीही पाजलं.

वाद झाला तो परकरावरून. पहिल्या अंकांसाठी दिलेला परकर घोट्याच्या चार बोटं वर येत होता. मी म्हटलं, लांब द्या, माप चुकलंय. काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, पोरगी वर्षभरात वाढलीया. बापानं नवा शिवलेला न्हाई. कांचनभट हाय त्यो."

मला ही दुकानदाराची मखलाशी वाटली. पण वेळ नव्हता, घेतला.

आमची शारदा, तीच बक्षीसवाली मुलगी, दोन महिने तालमीत मला दमवत होती. गाणं लख्ख, पण रंगमंचावर चालायची ती स्कूटी स्टँडवरून काढून निघाल्यासारखी. खांदे पाडून पाहिले, पावलं मोजून पाहिली. रंगीत तालमीला तो परकर घातला आणि तिचा हात दर दोन वाक्यांनी खाली जाऊन परकर ओढायला लागला. ओढला तरी पुरत नव्हता. मी एक सूचना दिली नाही. समोर वाढत्या अंगाची, स्वतःच्या पायांचं काय करावं न कळणारी परकरी पोर उभी होती. मग प्रयोगात, मंडपात ती अष्टपुत्री नेसून आली. मुंडावळ्या डोळ्यांपुढे हलत होत्या म्हणून मान आपोआप खाली. भटजींनी अंतरपाट धरला तेव्हा तिचा हात सवयीने खाली गेला, आणि आता ओढायला काही नव्हतं. तो हात तसाच लोंबत राहिला. हॉलमधली शिट्ट्या मारणारी मागची रांगसुद्धा त्या वेळी गप्प होती.

तक्रारी. कांचनभटाचा शेंडीचा टोप सैल होता. आमच्या कांचनभटाचे केस कानांवर भादरलेले, टोपाला धरायला काही नाही. ऐन भांडणात टोप कपाळावर उतरला आणि बाप हास्यास्पद झाला. टोप डोक्यावर घालून, मान हलवून बघितल्याशिवाय घेऊ नका. भुजंगनाथाची पगडी उलट घट्ट, त्याच्या कपाळावर दोन दिवस वळ होता. उपरण्यांना इतका वास की नाटकाच्या नायकाला, कोदंडाला, शिंका येत होत्या.

बिलाचं तर विचारूच नका. काका एका जुन्या निमंत्रणपत्रिकेच्या पाठीमागे हिशेब लिहून देतात. आमच्या अकाउंट्स विभागाने तो कागद दोनदा परत पाठवला. शेवटी मी साध्या कागदावर व्हाउचर करून, तिकीट चिकटवून, काकांची सही आणली. पैसे अजून माझ्या खात्यात आलेले नाहीत.

आणि डिपॉझिट. पोलक्यावर काखेत डाग म्हणून ४०० कापले. डाग आधीचा होता. माझ्याकडे फोटो नव्हता. कपडे ताब्यात घेताना तिथेच, त्यांच्यासमोर, प्रत्येकाचा फोटो काढा. राग मानत नाहीत, एक जण काढत होता ते मी नंतर पाहिलं.

परत करायला गेले तेव्हा परकराचं सांगितल्याशिवाय राहवलं नाही. म्हटलं, काका, तुमचा तो आखूड परकर फार कामाला आला. काका पेटीत कपडे रचत होते. "हां, तो," म्हणाले, "मोठा एका शाळंला गेलेला." आणि ४०० कापून उरलेले २,६०० माझ्या हातात मोजले.