हॉप्सची शेती आणि बायबॅक करार, तासगाव-कवठेमहांकाळकडच्या बागायतदारांनी नक्की वाचा

तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस आणि आता ऐकतोय की कोरेगाव-फलटणकडं पण काही जण हॉप्सच्या शेतीची बायबॅक स्कीम घेऊन फिरतायत, म्हणजे रोपं आमच्याकडनं घ्या, पिकलेला माल आम्हीच परत विकत घेतो. कुणाला इसार देण्याआधी हे वाचा आणि घरातल्या मोठ्या माणसांना वाचून दाखवा, कारण ही मंडळी पोरांच्या नादाला लागत नाहीत, सरळ बागेत जाऊन वडिलधाऱ्यांना गाठतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं. वेल असतो, कंद जमिनीत राहतो आणि दरवर्षी नवीन वेल १८ फुटांपर्यंत चढतो. अमेरिकेत यकिमा, जर्मनीत हालरटाऊ ही त्याची मोठी ठिकाणं. आपल्या देशात हिमाचलच्या लाहौलमध्ये होतं, बाकी जवळपास सगळा माल बाहेरून येतो. इथपर्यंत आमच्याकडं ही स्कीम घेऊन आलेल्या माणसानं सांगितलेलं सगळं खरं होतं बरं का, म्हणून तर वडिलांना पटलं.

आमची द्राक्षबाग अवकाळीनं लागोपाठ मार खाऊन काढलेली, मांडव तसाच उभा. हा गडी बरोबर असल्याच बागा शोधतो. आला, चहा घेतला आणि म्हणाला, "आबा, तुमचा मांडव तयार, ड्रीप तयार, बेदाण्याचं शेड पण तयार. दुसऱ्याला एवढं उभं करायला लाखानं पैसा घालावा लागतो, तुम्हाला फक्त रोपं." मग खिशातनं छोटी झिपची पिशवी काढली, त्यात वाळलेली हिरवट फुलं, शंकूसारखी, पाकळीवर पाकळी. एक फूल आबांच्या तळहातावर ठेवून चोळायला लावलं. आत पिवळी चिकट पावडर, हाताला लिंबाच्या सालीसारखा वास, आणि तो वास साबणानं पण लवकर जाईना. "हीच पावडर बिअरवाले विकत घेतात आबा." फूल अस्सलच होतं, फक्त ते आपल्या मातीत पिकलेलं नव्हतं.

रेट असा, रोप ३५० रुपये, एकरी १००० रोपं, वर २५,००० रजिस्ट्रेशन. पहिल्याच वर्षी एकरी २ टन वाळलेला माल आणि १५०० रुपये किलोनं बायबॅक. आता हे बघा, यकिमात इतकी वर्षं मुरलेल्या शेतकऱ्याला एकरी साधारण ८०० ते ९०० किलो वाळलेला माल निघतो, ते पण वेल दोन-तीन वर्षांचा झाल्यावर. हा पठ्ठ्या तासगावात पहिल्या वर्षी त्याच्या दुपटीच्या वर काढणार होता. आम्ही अर्ध्या एकराची रोपं घेतली, त्यातले निम्मे पैसे रोख मागितले आणि त्याची पावती "ऑफिसातनं येईल" म्हणाला.

करारात व्हरायटी लिहिली होती सिट्रा. सिट्रा पेटंटची जात आहे, ठरावीक लायसन असलेल्या शेतकऱ्यांशिवाय कुणाला लावायला मिळत नाही, अशी ट्रेमधनं गावोगाव विकायला येत नसते. आणि हॉप्सची ठरावीक जात लावायची तर कंदाच्या तुकड्यापासनं किंवा कटिंगपासनं, म्हणजे सगळी झाडं एकाच आईची आणि सगळी मादी, कारण माल मादी वेलालाच धरतो. आमच्याकडं आली ती कोकोपीटमधली बारकी रोपं.

फेब्रुवारीत लावली. चांगली धरली, पण कमरेएवढी झाली न झाली तोवर कळ्या. आम्हाला वाटलं लवकर आलं पीक, आणि तो फोनवर "अभिनंदन आबा" म्हणतोय! ज्यांनी पॉलिहाऊसमध्ये शेवंती केलीय त्यांना हे लगेच कळेल. शेवंतीला दिवस लहान मिळाला की ती कळी धरते, म्हणून लवकर फुलू नये यासाठी रात्री बल्ब लावतात. हॉप्सचं पण तेच. त्याला वाढायला उन्हाळ्यात १५-१६ तासांचा दिवस लागतो, मग दिवस लहान व्हायला लागला की फुलतो. सांगलीत २१ जूनला, सगळ्यात मोठ्या दिवशी, सूर्य १३ तासांच्या थोडासाच वर असतो. म्हणजे वेलाला आपल्याकडं कायमच "आता फुलायची वेळ झाली" असं वाटणार, उंची होणार नाही आणि चार फुलांवर गाडी थांबणार. ह्याला खत-औषध काही करू शकत नाही.

वर बऱ्याच झाडांना शंकू नव्हतेच, नुसते बारीक फुलांचे झुबके. ती नर झाडं. म्हणजे रोपं बियांपासनं केलेली, हे तिथंच उघडं पडलं.

त्याला विचारलं तर आधी मायक्रोन्यूट्रिएंटची कमतरता, आणि ते औषध पण त्याच्याकडंच. मग म्हणाला लाल कोळी कीड पडलीय. मग म्हणाला स्वतःच्या खर्चानं एलईडी लावा, साउथ आफ्रिकेत लावतात. लावतात हे खरंय, पण मग हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं? शेवटी जेवढा माल निघाला तेवढा तरी न्या म्हटलं, तर कराराचं मागचं पान दाखवलं. अल्फा ॲसिड (बिअरला कडवटपणा देणारा हॉप्समधला घटक) १२ टक्के पाहिजे, ओलावा १० च्या आत पाहिजे, आणि तपासणी फक्त कंपनी सांगेल त्या लॅबमध्ये. बेदाण्याच्या शेडमध्ये सावलीत वाळवून हॉप्सला ते जमत नाही, त्याला बंद खोलीत गरम हवा लागते, ६० डिग्रीच्या आसपास. माल रिजेक्ट. मग फोन बंद, ऑफिसच्या जागी दुसऱ्याचाच बोर्ड.

कडकनाथ कोंबडीच्या बायबॅक स्कीमच्या वेळी इस्लामपूरकडं शेतकऱ्यांचे पैसे कसे बुडाले ते आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. करार तोच, फक्त कोंबडीच्या जागी वेल.

अजून एक, हीच टोळी घरी बिअर करणाऱ्या पोरांना पण "सातारची ताजी हॉप्स" म्हणून विकते. पुण्यातल्या एकानं ॲडव्हान्स देऊन मागवली, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत तपकिरी पेलेट (हॉप्स दळून-दाबून केलेल्या गोळ्या) आल्या, खराब चीजसारखा वास. जुन्या, उघड्यावर राहिलेल्या हॉप्सला असाच वास येतो. चांगला माल हवा काढून सील केलेल्या चंदेरी पाकिटात आणि थंडीत ठेवलेला असतो, वर पिकाचं वर्ष आणि अल्फाचा आकडा छापलेला. तुमच्या पाकिटावर हे नसेल तर पैसे देऊ नका.

एका मायक्रोब्रूअरीवाल्याला आमची फुलं दाखवली, त्यानं चोळून वास घेतला आणि "गवत आहे" म्हणाला. वर हिशोब सांगितला की हजार लिटर साध्या लागर बिअरला हॉप्स किलो-दोन किलोच लागते. म्हणजे गावागावात टनानं पिकवून घालणार कुणाच्या टाकीत?

तुमच्याकडं कोण आला तर रोपांचं इम्पोर्ट परमिट आणि फायटो, म्हणजे रोपांवर रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला, मागा. परदेशातनं आणलेल्या रोपांना २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणं दोन्ही लागतं, आणि द्राक्ष एक्स्पोर्ट करणाऱ्याला फायटो काय असतं ते शिकवायला नको. आमच्याकडच्यानं फायटो म्हटल्यावर विषयच बदलला होता. शिवाय ह्याच जिल्ह्यात मागच्या वर्षी कुणाचा माल उचलला, त्या शेतकऱ्याच्या बँकेत पैसे आले का, ते त्याच्या घरी जाऊन पासबुकात बघा, व्हिडिओत नको.

आम्ही सांगलीला आर्थिक गुन्हे शाखेत अर्ज दिलाय. रोख दिलेल्या पैशावर अडतंय, पण ऑनलाइन पाठवलेल्याचा यूटीआर नंबर (बँक व्यवहाराचा नंबर) आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जोडलंय. ज्यांनी ह्या स्कीममध्ये पैसे भरलेत त्यांनी करारपत्र आणि रोपांच्या ट्रेचे फोटो जपून ठेवा, वेल उपटून टाकायच्या आधी नर झाडांचे फुलासकट फोटो काढा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तरी लेखी द्या. अर्ज जास्त आले की एकत्र तपास लागेल असं साहेब म्हणाले.