सगळं धरून अकराशे

आईदादांच्या लग्नाला 2025 च्या वैशाखात पन्नास वर्षं झाली. 1975 ला आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाल्यावर आठवड्याभरात, पारोळा तालुक्यातल्या आईच्या माहेरी लग्न लागलं. वऱ्हाड बैलगाड्यांनी आलं होतं आणि पंगतीला खापरावरचे मांडे नि आंब्याचा रस होता. हे आम्ही भावंडांनी इतक्यांदा ऐकलंय की आपणच त्या पंगतीत बसून आलो असं वाटतं.

त्यामुळे महामार्गालगतच्या एका नव्या ‘वाडा थीम’ हॉटेलची जाहिरात फोनवर आली तेव्हा मी तिथेच विरघळले. व्हिडिओत कंदील, जातं, सजवलेली बैलगाडी, खापरावर मांडा टाकणारी बाई आणि फेटे बांधलेलं एक म्हातारं जोडपं, सगळं होतं. मी भावाला पुण्याला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, “बुक कर, अर्धे माझे.”

हॉटेलचं नाव लिहीत नाही. माझा एक अर्ज अजून चालू आहे, आणि असला धंदा करणारं हे एकच हॉटेल असेल असंही मला वाटत नाही.

फोनवर मॅनेजर मधासारखं बोलला. “ताई, सगळं धरून अकराशे. अनलिमिटेड थाळी, बैलगाडीची फेरी, फेटे, औक्षण, सजावट. दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धे. तुम्ही फक्त या.” आम्ही अठरा मोठे, चार पोरं. हिशोब झाला 22,000. आम्हाला हे थोडं नव्हतं, पण पन्नासावा वाढदिवस काही पुन्हा येत नाही. दहा हजार आगाऊ मागितले, मी तिथल्या तिथे पाठवले. पाठवताना स्क्रीनवर हॉटेलचं नाव न येता कुणा माणसाचं नाव आलं. ते मी पाहिलं, आणि ‘मालक असेल’ म्हणून पुढे गेले. व्हॉट्सअ‍ॅपवर एक रंगीत कार्ड आलं. त्यात बैलगाडीचं चित्र मोठं होतं, भाव एका कोपऱ्यात, आणि त्याच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात ‘अटी लागू’. कोणत्या अटी, ते विचारायचं मला सुचलं नाही.

दिवसभर जळगावचं ऊन नेहमीसारखं भाजत होतं, म्हणून सूर्य मावळल्यावरच निघालो. दारात धोतर-बंडीतली दोन पोरं “राम राम पाव्हनं, या या” म्हणत पुढे आली. आई माझ्या कानाशी लागली, “ही कुठली बोली गं? आपल्याकडे असं कोण बोलतं?” भिंती सारवल्यासारख्या दिसायच्या, हात लावला तर रंग. टीव्हीत दाखवतात ते गाव होतं ते. कुठलंच नसलेलं. पण दादांना फेटा बांधला, आईला बैलगाडीत बसवलं, गाडीने पार्किंगला फेरी मारली, आणि आई अशी काही हसली की मी मनात म्हटलं, गेले पैसे तर जाऊ देत.

दारातल्या मंडपात ती खापरवाली बाई खरोखर होती, आणि तिचं काम बघण्यासारखं होतं. पुरण भरलेला गोळा तळव्यावरून कोपरापर्यंत झुलवत ती एवढा मोठा करायची की पलीकडचा दिवा दिसावा, आणि उपड्या खापरावर अलगद सोडायची. आम्ही सगळ्यांनी व्हिडिओ काढले. ताटात मात्र आला तो तळहाताएवढा, चौकोनी घडीचा आणि मध्ये गार. माझी आई तरुणपणी लग्नाघरी मांडे करायला जायची. तिने एक पदर उचलला, उजेडाकडे धरला आणि हळूच म्हणाली, “हाऊ मांडा खापरवरना नही शे.” मी वाढप्याला विचारलं तर म्हणाला, “मॅडम, ते लाइव्ह काउंटर आहे. त्याचं वेगळं कुपन असतं.” म्हणजे ती बाई बघायला, आणि आम्हाला खायला पाकिटातलं.

शेवभाजी उत्तम होती, खोटं का बोलू. तर्री, शेव, सगळं जागच्या जागी. तेवढं एक सोडलं तर थाळीत आठवावं असं काही नव्हतं.

आता रसाबद्दल सांगते, कारण फसवणूक कशी होते ते मला त्या रसातच कळलं. आपल्याकडे पंगतीत रस आग्रहाने वाढतात. पाहुणा वाटीवर हात धरतो, वाढणारा बोटांच्या फटीतून ओततो, आणि दोघंही खूश होतात. तिथे तसंच चाललं होतं. फेटेवाली पोरं जग घेऊन फिरत होती, “घ्या आजी, पन्नास वर्षं झाली, एक वाटी घ्या!” माझे काका नको नको म्हणत राहिले आणि त्यांची वाटी भरली गेली. आम्हाला वाटलं, काही का असेना, पोरं मायेने वाढतायत. बिलात ती माया ‘आमरस एक्स्ट्रा, 31 वाट्या, दर 90’ अशी आली. थाळीत एक वाटी होती, त्यापुढची प्रत्येक वाटी वेगळी. ‘अनलिमिटेड’ म्हणजे म्हणे फक्त भाजी, भाकरी आणि भात.

बिल कधी आणलं? जेवणं झाल्यावर आईदादांना पाटावर बसवलं होतं. माझी वहिनी ओवाळत होती, मावश्या गाणं म्हणत होत्या, मोबाइल वर होते. नेमकं तेव्हा मॅनेजर माझ्या शेजारी येऊन वाकला आणि चामड्याचं पाकीट हातात दिलं. “ताई, काउंटर बंद होतोय, जरा बघून घ्या.” आकडा होता 44,379.

मी बाहेर आले. थाळ्या बावीसच्या बावीस पूर्ण दराने, म्हणजे पोरांचे अर्धे गेले. फेट्यांचं भाडं चौदाशे. बैलगाडी माणशी पन्नास, तीही चढलाच नव्हता अशा माणसांसकट. औक्षण व सजावट साडेतीन हजार, आणि औक्षणाचं ताट तर आम्ही घरून नेलेलं. पाण्याच्या वीस बाटल्या साठ रुपयांनी. साधं पाणी मागितलं तेव्हा “आरओ बिघडलाय” असं उत्तर मिळालं होतं. रसासकट ही बेरीज 34,190. तिच्यावर दहा टक्के सेवा शुल्क. आणि त्या सगळ्यावर, सेवा शुल्कासकट, 18 टक्के जीएसटी.

“तुम्ही सगळं धरून म्हणाला होतात.”

“ताई, थाळीतलं सगळं धरून.”

“आणि जेवणावर अठरा टक्के कसा?”

“हे नुसतं जेवण नाही ना, एक्सपिरियन्स आहे. इव्हेंटला अठरा.”

मी आवाज चढवला. तो तसूभर चढला नाही. शांतपणे आत बघत म्हणाला, “आजी-आजोबांच्या समोर बोलायचं का आपण हे?” आतून टाळ्या ऐकू आल्या. मी आगाऊचे दहा हजार वजा करून उरलेले 34,379 फोनवरून भरले, चेहरा नीट केला आणि आत जाऊन फोटोत उभी राहिले.

तो फोटो आता हॉलमध्ये लावलाय. त्यात मी फार चांगली हसतेय.

मला पटलेली गोष्ट एवढीच आहे. असल्या जागेत नफा थाळीवर नसतो, तुमच्या लाजेवर असतो. माणूस एरवी चहाच्या टपरीवर दोन रुपयांसाठी भांडेल, पण आईबापांच्या औक्षणाच्या वेळी, व्याही-पाहुण्यांसमोर बिलावरून तोंड उघडणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून बिल केकच्या नाहीतर आरतीच्या वेळी येतं. वाढदिवस असो, साखरपुडा असो, बारसं असो, बिल कुणाच्या हातात आणि कधी द्यायचं ते आधीच ठरवून टाका. पाहुणे बसण्याआधी काउंटरवर जाऊन थाळीत काय येतं ते एकेक विचारा, आणि तेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. मला फोनवर जे सांगितलं त्यातला, कार्डावरचा भाव सोडला तर, एक शब्द माझ्याकडे लेखी नाही, आणि तिथेच माझी बाजू लंगडी पडली.

दुसऱ्या दिवशी डोकं थंड झाल्यावर बिल घेऊन बसले. सेवा शुल्काचं उत्तर सोपं निघालं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 4 जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलला ते बिलात आपोआप लावता येत नाही. द्यायचं की नाही ही गिऱ्हाइकाची मर्जी, आणि ते बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावणंही चालत नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. 28 मार्च 2025 ला न्यायालयाने सूचना कायम ठेवल्या. म्हणजे आमच्या जेवणाच्या जेमतेम दीड महिना आधी.

जीएसटीचं प्रकरण जास्त मजेशीर. राहायच्या खोल्या नसलेल्या साध्या रेस्टॉरंटला जेवणावर 5 टक्के लागतो, अठरा नाही. पण बिलावरचा पंधरा अक्षरांचा नंबर (महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो) मी जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर करदाता शोधायच्या ठिकाणी टाकला, तर तिथे ‘कंपोझिशन’ असं आलं. माझी मैत्रीण करसल्लागाराकडे काम करते, ती फोनवर हसायलाच लागली. कंपोझिशनमधला व्यापारी आपल्या उलाढालीवर स्वतःच्या खिशातून थोडा कर भरतो. गिऱ्हाइकाकडून त्याला जीएसटीचा एक पैसाही घेता येत नाही, आणि तसं त्याने बिलाच्या वरच छापायचं असतं. म्हणजे अठरा नाही, पाचही नाही. शून्य. नंबर तपासायला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि हे काम बिल भरायच्या आधी, तिथे उभ्या उभ्या करता येतं.

पाण्याच्या बाटल्यांवरून मी सगळ्यात जास्त चिडले होते, कारण छापील किंमत वीस रुपये होती. तिथे मात्र माझंच चुकलं. बसवून खाऊ घालणाऱ्या हॉटेलने छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तर तो वजनमाप कायद्याखाली गुन्हा होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये सांगितलंय. तेव्हा तक्रारीत हा मुद्दा घालू नका, उरलेले मुद्दे फुकट हलके होतात.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन केला. मराठीत बोलता आलं. बिलाचा फोटो, पैसे भरल्याची नोंद आणि ते रंगीत कार्ड पाठवलं. हेल्पलाइन निकाल देत नाही, फक्त दोन्हीकडे बोलून तोडगा बघते, पण त्या फोनने हॉटेलवाला नरमला. तीन आठवड्यांनी सेवा शुल्काचे 3,419 रुपये परत आले, आणि त्याच दिवशी मॅनेजरचा मेसेज, ‘ताई, रिव्ह्यू काढून टाकाल का?’ नाही काढला. जीएसटीचे 6,770 त्याने अजून दिलेले नाहीत. त्याबद्दल जीएसटी खात्याकडे वेगळा अर्ज टाकलाय. बाकी रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जायला घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. भाऊ म्हणतो जाऊ दे. मी अजून ठरवलेलं नाही.

दादांना यातलं काही सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. ते एसटीत कंडक्टर होते, अमळनेर डेपोतून निवृत्त झाले. त्या रात्री गाडीत ते काही बोलले नाहीत. हेल्पलाइनचा फोन आला तेव्हा मी ओसरीवर होते आणि ते झोपाळ्यावर, डोळे मिटून. मला वाटलं झोपलेत.

“रसाच्या किती वाट्या लावल्या?” डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

“एकतीस.”

“सव्वीस होत्या. पहिली सोडून.”

मी बघतच राहिले. छत्तीस वर्षं गाडीतली डोकी मोजलेला माणूस, पंगतीत बसूनही मोजत होता.

“मग तिथंच का नाही बोललात?”

त्यांनी डोळे उघडले. “तुझी माय दुसऱ्यांदा बैलगाडीत चढत होती,” म्हणाले, आणि झोपाळ्याला पायाने रेटा दिला.