रविवारच्या तारखेचं पत्र

साताऱ्यातल्या एका पतसंस्थेत कर्ज विभागात माझी सत्तावीस वर्षं गेली. खोटा सातबारा, खाडाखोड केलेली पगाराची स्लिप, मयत जामीनदाराची सही, असलं सगळं माझ्या टेबलावरून गेलंय. शिक्का खरा का छापलेला हे बघायला मी बोट ओलं करून त्याच्या कडेवरून हळूच फिरवायचो. पॅडची शाई पसरते, छापलेली सहसा जागची हलत नाही. असा माणूस 61,500 रुपयांना गंडला म्हटल्यावर ऐकणारा आधी हसतो. हसू दे. पण लॉच्या प्रवेशाचा हंगाम आला की मला गंडवणारा तो, नाहीतर त्याचा भाऊबंद, परत कुठल्यातरी झेरॉक्सच्या दुकानापाशी उभा असणार, म्हणून लिहितोय.

लेक बीए झाली आणि तिनं तीन वर्षांच्या एलएलबीची प्रवेश परीक्षा, सीईटी, दिली. मार्क बरे पडले. साताऱ्यातच, घरून जाऊन-येऊन शिकायचं, एवढंच तिच्या मनात होतं. अर्ज अडकला नॉन-क्रिमिलेअरवर, म्हणजे ओबीसीची सवलत घ्यायला उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचा जो दाखला लागतो त्यावर. आमच्याकडचा दाखला 31 मार्च 2025 ला संपलेला, आणि 2025-26 च्या प्रवेशाला 31 मार्च 2026 पर्यंत चालणारा पाहिजे होता. सेतूत जाऊन नवीन काढायचं काम माझ्याकडं होतं. मी आपला "जाऊ की उद्या" करत बसलो. नव्या दाखल्याला अर्ज टाकला तोवर तात्पुरती गुणवत्ता यादी लागली आणि तिचं नाव ओबीसीऐवजी खुल्या गटात, पार खाली.

घरात "रिजेक्ट झालं, रिजेक्ट झालं" सुरू झालं. खरं तर रिजेक्ट काहीच झालं नव्हतं. नुसता गट बदलला होता, आणि यादीतल्या चुकीवर तक्रार नोंदवायची सोय तिच्याच लॉगिनमध्ये होती. ठरलेले दिवस, सोबत कागद जोडायचा, पैसा एक नाही. मला हे आता कळलंय. लेकीला तेव्हाच कळलं होतं.

पोवई नाक्याजवळ कागदांच्या झेरॉक्स काढत होतो तिथं हा भेटला. पस्तिशीचा असेल. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्राची निळी दोरी, कार्ड मात्र वरच्या खिशात घातलेलं. ते कार्ड मी शेवटपर्यंत बघितलं नाही. "लॉचं का काका? छाननीत उडालं? अपील टाकायचं की मग!" त्याच्या तोंडून 'अपील' ऐकलं आणि मला एकदम हलकं वाटलं. आपल्याला दाद मागायला जागा आहे, असं कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं होतं.

राजपथावर एका दुकानाच्या वर त्याची केबिन. दोन खुर्च्या, एक प्रिंटर. पहिल्या दिवशी फाइलचे म्हणून 3,500 घेतले आणि लेकीचा लॉगिन आयडी आणि पासवर्ड कागदावर लिहून घेतला. जाताना म्हणाला, "ताई, अपील चालू असताना लॉगिन अजिबात उघडायचं नाही. सिस्टिमला डबल एन्ट्री दिसते आणि फाइल बाद होते."

या एका वाक्यानं आमचं जे वाटोळं केलं ते पैशानं नाही केलं. त्याच आठवड्यात, गुरुवारी, नवीन दाखला हातात आला. तक्रार नोंदवायची मुदत होती शनिवारपर्यंत. म्हणजे कागद तयार, दोन दिवस शिल्लक, आणि लॉगिन आमचं स्वतःचं. लेक म्हणाली, "आप्पा, पोर्टलवर तक्रारीचा पर्याय स्पष्ट लिहिलाय. आपणच टाकू." मी म्हणालो, "तुला काय कळतंय ऑफिसच्या कामातलं? त्यानं नको म्हणून सांगितलंय ना?" दाखल्याचा फोटो त्याला व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यानं अंगठा दाखवला. शनिवार गेला.

मग अपिलाची फी म्हणून 18,000. एवढी कशाची, असं मी विचारलं, नाही असं नाही. "काका, सीईटीच्या उत्तरतालिकेवर हरकत घ्यायची तर एका प्रश्नाला हजार रुपये लागतात का नाही? विचारा ताईंना." लेकीनं मान हलवली, कारण ते खरं आहे. एक खरी गोष्ट पुढं ठेवायची आणि तिच्या शेपटाला खोटी बांधायची, ही त्याची पद्धत. पैसे भरायला त्याचा क्यूआर कोड स्कॅन केल्यावर मोबाइलवर नाव तिसऱ्याच कुणाचं तरी आलं. "आमच्या अकाउंटंटचं खातंय." भरले.

अंतिम यादी लागली. नाव होतं तिथंच, खुल्या गटात. तो जरासुद्धा डगमगला नाही. "अंतिम यादी लागल्यावरच अपील उभं राहतं काका, त्याशिवाय कसं?" आणि दोन दिवसांनी अपिलाची पोच आणून दिली. रंगीत कागद, वर राजमुद्रा, खाली गोल निळा शिक्का, 'अपील अधिकारी, विधी प्रवेश' अशी सही, दिनांक 17 ऑगस्ट 2025. घरी देवापुढं ठेवली मी ती.

त्याच दिवसांत कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं होतं. 17 तारखेला उद्घाटन, 18 पासून कामकाज, सातारा-सांगली धरून सहा जिल्ह्यांचं. पेपरात रोज तेच. यानं ते लगेच उचललं. "आता मुंबईची पायपीट नाही काका. कोल्हापुरात हायकोर्टात रिट याचिका टाकू. पण मी म्हणतो, कोर्टात कशाला जायचं? वरच्यांना एकदा भेटवलं की काम तिथंच मिटतंय." किती? तर चाळीस हजार, आणि रोख. स्टँडसमोरच्या हॉटेलात मी पाकीट दिलं. चहाचे पैसे त्यानंच दिले, मला देऊ दिले नाहीत.

आमच्या आळीत एक वकील राहतात. त्यांच्याकडं सहज विषय काढला. त्यांनी एवढंच विचारलं, "रिट टाकणार म्हणतोय, तर पोरीची वकीलपत्रावर सही घेतली? प्रतिज्ञापत्र केलं?" मी म्हणालो, नाही. "मग रिट काय हवेतनं जाणार आहे? दाखल झाली की नंबर पडतो आणि कोर्टांच्या ई-कोर्ट्स साइटवर कुणालाही दिसतो."

घरी आल्यावर लेकीनं मला न विचारता 'फरगॉट पासवर्ड' दाबलं. ओटीपी तिच्याच मोबाइलवर आला. दोन मिनिटं लागली सगळी मिळून. तक्रारीचं पान कोरं होतं. दाखलासुद्धा जुनाच. त्यानं काहीच केलं नव्हतं; नुसतं आम्हाला दारापासून लांब बसवून ठेवलं होतं.

मी पोच देवापुढनं काढली आणि नोकरीतला माणूस होऊन वाचायला घेतली. जावक क्रमांकाची जागा रिकामी. एका ओळीत 'अपील', तिसऱ्या ओळीत 'अपिल'. बोट ओलं करून शिक्क्यावर फिरवलं, शाई हलली नाही. मग तारीख बघितली. 17 ऑगस्ट. त्या दिवशी मी टीव्हीसमोर बसून कोल्हापूरचं उद्घाटन बघत होतो, कारण मला सुट्टी होती, कारण रविवार होता. सरकारी ऑफिसची पोच, रविवारची! कर्जदारानं असला कागद आणला असता तर मी खुर्चीत टेकूसुद्धा दिलं नसतं त्याला.

वकीलसाहेबांनी नंतर नीट समजावलं. अर्जातल्या नोंदीत चूक असेल तर ती मुदतीत, आपल्याच लॉगिनमधून दुरुस्त होते. कॉलेजनं गुणवत्ता डावलली अशी तक्रार असेल तर 2015 च्या कायद्याखाली नेमलेलं प्रवेश नियामक प्राधिकरण आहे. त्याच्यापुढं उच्च न्यायालय, खऱ्या वकिलामार्फत, खऱ्या सहीनं. मार्क कमी पडले म्हणून दया मागायचं अपील नसतं, कारण जागा सीईटीच्या गुणवत्तेनं भरतात. संस्थेच्या पातळीवरच्या जागांनाही ती गुणवत्ता सुटत नाही. मग 'वरचा' कोण आणि तो करणार काय, हा प्रश्न मला पाकीट देण्याआधी पडायला हवा होता.

त्याचा फोन बंद. केबिनला कुलूप. दुकानदार म्हणाला, महिन्याच्या भाड्यानं दिली होती.

आणि तरी मी नऊ दिवस गप्प बसलो. हे सांगायलाच खरं तर एवढं लिहिलं. 3,500 आणि 18,000 ची मला लाज नव्हती, फसवलं म्हणून सांगता आलं असतं. जीभ अडत होती ती चाळीस हजारांवर. प्रवेशासाठी असे पैसे घेण्याला बंदी घालणारा कायदा 1987 पासून आहे, एवढं मला माहीत होतं. म्हणजे मी तक्रार करायला जाणार आणि सांगणार काय, की मी लाच दिली आणि काम झालं नाही? रोखीचा शेवटचा हप्ता त्यानं 'वरच्यांचा' म्हणून का मागितला ते मला त्या नऊ दिवसांत उमगलं. फी म्हणून मागितला असता तरी मी दिला असता. पण फी भरणारा माणूस बोंब मारतो आणि लाच देणारा गिळून बसतो. त्यानं चाळीस हजार घेतले आणि वर माझ्या तोंडाला कुलूपही घातलं.

नवव्या दिवशी लेकीनं 1930 वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. लगेच कळवलं असतं तर खात्यातले पैसे गोठवायचा प्रयत्न झाला असता. आता खातं रिकामं होतं. रोखीचा तर मागमूसच नाही. लेकीचं वर्ष गेलं. ती परत सीईटीला बसतेय.

पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेणाऱ्या मॅडमनी शांतपणे ऐकलं. न्याय संहितेचं कलम 318(4), म्हणजे फसवणुकीचं आपलं जुनं 420, आणि बनावट पत्राचं वेगळं, असं त्या म्हणाल्या. मग विचारलं, "काका, हे चाळीस हजार कशाचे?" मी म्हणालो, "ती... अपिलाचीच फी म्हणजे..." आणि थांबलो.

लेकीनं माझ्या हातातलं पेन घेतलं. तिनं लिहिलं: 'सदर रक्कम प्रवेश करून देण्यासाठी वरिष्ठांना द्यायची आहे असे सांगून मागितली व माझ्या वडिलांनी ती दिली.' कागद माझ्याकडं सरकवला. मी वाचला. सही केली.

"आप्पा, तारीख पण घाला," ती म्हणाली.

घातली. त्या दिवशी मंगळवार होता.